बाळंतपणाची रजा नेमकी कोणत्या तारखेपासून घ्यावी?

सातारा-सांगलीकडच्या नोकरदार बायकांच्या रजेच्या अर्जांत एक चूक सारखी दिसते. ओटी भरली, माहेरून न्यायला माणसं आली, की त्याच आठवड्यात बाळंतपणाची रजा सुरू. आठवडे कुणी मोजलेलेच नसतात. मग बाळ जेमतेम चार महिन्यांचं होतं आणि हजर व्हायची तारीख दारात उभी राहते. याच्या उलट चूकही तितकीच होते. सगळी रजा बाळासाठी राखायची म्हणून कळा येईपर्यंत कंपनीच्या बसने जात राहायचं. पहिल्या चुकीत बाळासोबतचे आठवडे जातात, दुसरीत जिवाला घोर लागतो.

यातून वाट काढायची तर एक नाही, दोन तारखा ठरवाव्या लागतात. पहिली बेताची: सगळं नीट चाललं तर या दिवसापासून रजा. दुसरी राखीव: डॉक्टरांनी सांगितलं किंवा अमुक लक्षण दिसलं, तर त्याच दिवशी काम बंद. हे काम सव्विसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्यात हाती घ्या. तेव्हा अंगात त्राण असतं आणि कागद जमवायला वेळही मिळतो.

टप्पा १ : बाळाची तारीख एकच धरा

फाइलमध्ये तीन सोनोग्राफी असतील तर बहुधा तीन तारखा छापलेल्या असतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून जी तारीख येते, ती मूळ हिशेबाची. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी बाळाच्या लांबीवरून वय काढते आणि तीच सगळ्यांत भरवशाची असते. दोन्हींत आठवड्याहून जास्त फरक असेल तर डॉक्टर सहसा सोनोग्राफीची तारीख धरतात. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर छापलेली तारीख मात्र दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. ती बाळाची वाढ पाहायला असते, रजा मोजायला नव्हे.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "माझी अपेक्षित तारीख कोणती धरायची?" उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर किंवा केसपेपरवर लिहून घ्या. अर्जात, दाखल्यात आणि ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कागदांत तीच तारीख गेली पाहिजे.

घरातली मोजणी महिन्यांची आणि डॉक्टरांची आठवड्यांची, हीही एक अडचण आहे. नऊ महिने नऊ दिवस आणि चाळीस आठवडे हा हिशेब शेवटी जवळपास एकच येतो, पण मधे गल्लत होते. सातवा लागतो तेव्हा साधारण सव्विसावा आठवडा संपत असतो, आणि सातवा सरतो तेव्हा तिसावा. सासूबाई म्हणतात "सातवा", डॉक्टर म्हणतात "अठ्ठावीस", दोघींचंही बरोबर असतं. रजेसाठी फक्त आठवडे मोजा.

तपासा : अपेक्षित तारीख डॉक्टरांच्या सहीने कुठे लिहिलेली आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा २ : आपल्याला कोणता नियम लागतो ते पाहा

मैत्रिणीला किती रजा मिळाली यावरून आपली ठरवू नका. एकाच वाड्यातल्या दोन जावांना वेगवेगळे नियम लागू असू शकतात.

खासगी कंपनी, कारखाना, दुकान, दवाखाना, पतसंस्था, खासगी शाळा अशा ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा असते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे मिळतात आणि त्यातले आधीचे जास्तीत जास्त ६. हे आकडे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहेत. अट अशी की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं. दिवस गेल्यावर नोकरी बदलणाऱ्यांनी हे ८० दिवस हजेरीपत्रकावरून स्वतः मोजावेत. जुन्या कंपनीतले दिवस यात धरले जात नाहीत.

पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर पैसे कंपनी देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. आठवडे तेच, २६ आणि ८. इथे आधीच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या मुलींच्या बाबतीत कपात होते पण भरणा होत नाही, असं घडू शकतं. म्हणून आपला विमा क्रमांक घेऊन वर्गणी जमा झाली आहे का, हे रजेच्या दोन-तीन महिने आधी पाहाच.

राज्य शासन आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना, शिक्षिकांसह, दोनपेक्षा कमी अपत्यं हयात असताना १८० दिवस मिळतात, आणि ते रजा सुरू झालेल्या तारखेपासून मोजतात. शिवाय मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा वेगळी असते. ती आत्ताच बेतात धरली तर बाळंतपणाच्या रजेची ओढाताण कमी होते. कंत्राटी पदावर असाल तर नियुक्तीचा आदेश काढून वाचा आणि कार्यालयाला लेखी विचारा.

सावधान : कंपनीचा स्वतःचा नियम कायद्यापेक्षा जास्त देत असेल तर तो लागू होतो. कमी देत असेल तर होत नाही. "आमच्याकडे तीनच महिने असतात" हे वाक्य ऐकून परत फिरू नका.

टप्पा ३ : मागे मोजा, मग पुढे मोजा

कॅलेंडर समोर ठेवा. उदाहरणासाठी अपेक्षित तारीख १४ ऑक्टोबर २०२६ धरू आणि पहिलं बाळंतपण, म्हणजे २६ आठवडे. यात रविवार, सणवार, सगळे दिवस धरलेले असतात. २६ आठवडे म्हणजे सलग १८२ दिवस.

८ आठवडे मागे गेलं की १९ ऑगस्ट येतो. त्याआधी ही रजा सुरू करता येत नाही. त्या दिवशी सुरू केली तर १७ फेब्रुवारी २०२७ ला हजर व्हायचं, तेव्हा बाळ १८ आठवड्यांचं असेल. १६ सप्टेंबरला, म्हणजे ४ आठवडे आधी सुरू केली तर हजेरी १७ मार्चला, बाळ २२ आठवड्यांचं. ३० सप्टेंबरला, २ आठवडे आधी, तर ३१ मार्चला, बाळ २४ आठवड्यांचं.

बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं असतं. १८ आणि २४ आठवड्यांत जो फरक आहे तो इथे जाणवतो. आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्यातून वजा होतो, एवढं लक्षात ठेवा.

आता पुढचं टोक पाहा. १७ मार्चला बँकेत हजर होणं म्हणजे वर्षअखेरीच्या ढिगात पडणं. शाळेत ते परीक्षेच्या तोंडावर येतं. अशा वेळी दोन आठवडे अर्जित रजा शेवटी जोडता येईल का, ते आत्ताच विचारा. शिक्षिकांनी उन्हाळी सुट्टी कुठे येते तेही पाहावं. बाळाची तारीख जूनच्या आसपास असेल तर सुट्टी आणि रजा कशी जोडायची, याचं उत्तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या.

टप्पा ४ : काम आणि वाट, दोन्ही तोला

"किती आठवडे आधी?" याचं एकच उत्तर नसतं. माझं मत सांगते, तुमच्या डॉक्टरांची संमती मात्र हवीच.

बसून काम, घर जवळ, तब्येत ठणठणीत असेल तर दोन आठवडे आधी पुरे. मिरजेत राहून सांगलीच्या कार्यालयात जाणारीला किंवा सातारा शहरातच नोकरी असणारीला हे जमतं. त्यापेक्षा उशीर मात्र नको. सदतीस आठवड्यांनंतर बाळ कधीही येऊ शकतं, आणि नेमक्या अपेक्षित तारखेला जन्मणारी बाळं फार थोडी.

रोज तास-दीड तासाचा प्रवास असेल तर चार आठवडे आधी. कराडहून साताऱ्याला एसटीने जाणं-येणं, साताऱ्याहून खंबाटकी घाट ओलांडून शिरवळच्या कंपनीत जाणं, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीच्या शाळेत जाणं, हे सगळं या गटात येतं. धक्के ही एक अडचण, पण खरी अडचण वेगळी आहे. लघवीला सारखं जावं लागतं आणि वाटेत सोय नसते, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. हे अंगाशी येतं. दवाखाना एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला, हाही धोका आहेच.

दिवसभर उभं राहणं, वजन उचलणं, रात्रपाळी असेल तर सहा ते आठ आठवडे आधी. सूतगिरणी, यंत्रमाग, पॅकिंग लाइन, वॉर्डातली नर्स, एसटीतली वाहक या सगळ्या इथे येतात. मात्र त्याआधी एक हक्क वापरा, जो फार कमी जणींना ठाऊक असतो. अपेक्षित तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत तुम्ही रजेवर नसाल तर ते दिवसही, या काळात तुम्ही मागणी केली तर मालकाला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. आपल्या उदाहरणात हा काळ २ ऑगस्टपासून सुरू होतो. काम हलकं केलं म्हणून पगार कापता येत नाही. मागणी मात्र तुम्ही करायची आणि लेखी करायची. कितीतरी जणींना फक्त बसायची जागा मिळाली असती तर त्यांचे तीन-चार आठवडे वाचले असते, याचं फार वाईट वाटतं.

तपासा : सुपरवायझरशी बोलून काम बदललं असेल तरी अर्ज दिलाच आहे ना? सुपरवायझर बदलला की तोंडी शब्द जातो.

टप्पा ५ : माहेर कधी गाठायचं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. रीत चांगली आहे, तिला विरोध नाही. अडचण एवढीच की सातव्या महिन्यात निघालात तर अपेक्षित तारखेला दहा ते चौदा आठवडे बाकी असतात आणि बाळंतपणाची रजा आठच आठवडे मागे जाते. मधला काळ कुठून भरणार? अर्जित रजा शिल्लक असेल तर ती, नाहीतर बिनपगारी. म्हणून ओटीभरण हवं तर सातव्यात करा, माहेरी मात्र रजा सुरू होईल तेव्हा जा. दोन्ही एकाच आठवड्यात झालं पाहिजे असं नाही. आई-वडिलांना हे कॅलेंडर दाखवून समजावलं तर पटतं. नातवासोबत किती आठवडे जास्त मिळतात, ते दाखवा.

बाळंतपण दुसऱ्या गावी होणार असेल तर तिथल्या दवाखान्यात चौतीस-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत एकदा नाव नोंदवून, तपासून या. मूळ फाइल सोबत ठेवा आणि तिचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. नव्या ठिकाणी ओळख करून घ्यायला तो दिवस सोयीचा. जत किंवा आटपाडीकडचं माहेर असेल तर अडचण आल्यावर मिरज-सांगलीला पोहोचायला किती वेळ लागतो, तो दिवसा नव्हे, रात्रीचा धरून मोजा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गाडी अडकली की तासाचे दोन तास होतात.

पावसाळ्यातली तारीख असेल तर आणखी दक्षता हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांचे रस्ते बंद झाले होते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे दरड कोसळून वाट तुटते. जुलै-ऑगस्टची तारीख आणि घर नदीकाठी किंवा डोंगरात असेल, तर छत्तिसाव्या आठवड्याच्या आत मोठ्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवा आणि रजेची तारीख त्याप्रमाणे अलीकडे घ्या. इथे बाळासोबतचे दोन आठवडे कमी झाले तरी चालतील.

टप्पा ६ : राखीव तारीख डॉक्टरांसोबत ठरवा

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या तपासणीला तीन प्रश्न लिहून न्या. मी कितव्या आठवड्यापर्यंत काम करू शकते? माझ्या तब्येतीत लवकर थांबण्याचं काही कारण आहे का? काय झालं तर त्याच दिवशी थांबायचं?

जुळं, वार खाली असणं, वाढलेला रक्तदाब, साखर, आधीचं बाळ दिवस भरण्याआधी झालेलं असणं, यांतलं काही असेल तर बेताची तारीख डॉक्टर सांगतील तीच. आधी सिझेरियन झालेलं असेल आणि या वेळी शस्त्रक्रियेची तारीख आधीच ठरणार असेल तर त्या तारखेपासून मागे मोजा. मात्र आठ आठवड्यांची मर्यादा अपेक्षित तारखेवरूनच धरली जाते.

डॉक्टरांनी तिसाव्या आठवड्यातच पडून राहायला सांगितलं तर घाबरून बाळंतपणाची रजा सुरू करू नका. आठ आठवड्यांच्या मर्यादेमुळे तेव्हा ती लागूही होत नाही. गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर, जास्तीत जास्त एक महिना पगारी रजा वेगळी मिळते. ती २६ आठवड्यांतून कापली जात नाही. दाखल्यावर फक्त "विश्रांतीची गरज" असं नको, गरोदरपणाशी संबंधित कारण लिहिलेलं हवं. शासकीय सेवेत अर्जित किंवा वैद्यकीय कारणावरची रजा आधी घेऊन बाळंतपणाची रजा पुढे जोडण्याबद्दल आस्थापना लिपिकाला विचारा.

लगेच दवाखाना गाठा, रजेचा विचार नंतर : अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात अचानक सुजणं, दिवस भरण्याआधी ठरावीक अंतराने पोट कडक होणं. १०८ किंवा गरोदर मातांसाठीच्या १०२ क्रमांकावर फोन करा. शिफ्ट संपायची वाट पाहू नका.

टप्पा ७ : अर्ज द्या आणि पोच घ्या

अर्ज बेताच्या तारखेच्या किमान चार-सहा आठवडे आधी द्यावा. नमुना असा :

"विषय : प्रसूती रजा मिळणेबाबत. मी आपल्या आस्थापनेत (पद, विभाग) येथे (दिनांक) पासून कार्यरत आहे. डॉक्टरांच्या दाखल्यानुसार माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख १४ ऑक्टोबर २०२६ आहे. मी दि. १६ सप्टेंबर २०२६ पासून २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवर जात आहे. वैद्यकीय कारणास्तव अथवा प्रसूती लवकर झाल्यास रजा त्या दिवसापासून धरण्यात यावी. रजेच्या काळात मी इतर कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. प्रसूती लाभाची रक्कम मला, अथवा माझ्या वतीने (नाव, नाते) यांना देण्यात यावी. सोबत : वैद्यकीय दाखला."

"त्या दिवसापासून धरण्यात यावी" हे वाक्य गाळू नका. तुमची राखीव तारीख तिथेच नोंदली जाते. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. व्हॉट्सअॅपवरचा "ओके मॅडम" पोच म्हणून धरू नका. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर ईमेल करा किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे, दाखला दिल्यावर, आगाऊ मिळायला हवेत. ही रक्कम रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर निघते, म्हणून त्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. ईएसआयवाल्यांनी अपेक्षित तारखेचा दाखला आपल्या ईएसआय दवाखान्यातून घ्यावा. खासगी डॉक्टरकडे नाव असेल तर त्याची फाइल तिथे दाखवावी लागते, ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

सावधान : गरोदर असल्याच्या किंवा या रजेच्या कारणावरून कामावरून काढणं बेकायदा आहे. राजीनामा लिहून मागितला तर सही करू नका, सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जा.

टप्पा ८ : चार्ज आधीच द्या

चार्ज बेताच्या तारखेला नव्हे, त्याच्या दोन आठवडे आधी देऊन टाका. शेवटचे दोन आठवडे तुम्ही फक्त मदतीला, असं ठरवा. म्हणजे राखीव तारीख अचानक लागू झाली तरी चाव्या, पासवर्ड, अपुऱ्या फाइली यांसाठी बाळंतिणीच्या खोलीत फोन वाजणार नाही. यादी लिहून सहीनिशी द्या.

रजेत "घरून थोडं पाहून दे" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. रजा घेऊन काम केल्यास त्या दिवसांचा लाभ बुडू शकतो.

टप्पा ९ : बाळाने बेत बदलला तर

रजेआधीच बाळ आलं, तर रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू होते आणि सगळे २६ आठवडे पुढे मिळतात. वेळेआधी झालेल्या बाळामुळे आईची तब्येत बिघडली असेल तर टप्पा ६ मधला एक महिना इथेही मागता येतो. बाळ उशिरा आलं, तर अपेक्षित तारखेनंतरचे वाट पाहण्याचे दिवस एकूण २६ आठवड्यांतच धरले जातात. हजर व्हायची तारीख बदलत नाही, बाळासोबतचे दिवस तेवढे कमी होतात. हातात अर्जित रजा राखून ठेवायची ती यासाठी.

प्रसूतीनंतर घरच्या कुणीतरी आठवड्याच्या आत दवाखान्याचा दाखला कार्यालयात पोहोचवून पोच घ्यावी. हा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत उरलेली रक्कम द्यायची असते. मालकाने मोफत उपचारांची सोय केलेली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही त्याच वेळी मागा. हजर होण्याच्या महिनाभर आधी दुसरं पत्र द्या : कोणत्या तारखेला येणार आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला मिळणाऱ्या रोजच्या दोन सुट्या कोणत्या वेळी हव्यात.